मौन रिट्रीटला पहिल्यांदा जाताना: तयारीपासून परतीपर्यंत

रिट्रीट म्हणजे रोजच्या व्यापातून बाजूला होऊन प्रार्थनेत काढायचे काही दिवस. मौन रिट्रीटमध्ये बोलायचं नसतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण का बोलायचं नसतं आणि न बोलता दिवसभर करायचं काय, हे बहुतेकांना तिथे गेल्यावर उमगतं. तोवर तीन दिवसांतला एक दिवस हातचा गेलेला असतो. तो जाऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. यात गृहीत धरली आहे ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीची रिट्रीट, कारण कॅथलिक चर्चमध्ये मौन रिट्रीट म्हटलं की बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत कमीअधिक फरकाने चालते. वांद्र्याचं रिट्रीट हाउस येशूसंघीय (जेझुइट) फादरांचं, म्हणजे इग्नेशियसनेच स्थापलेल्या संघाचं, याच परंपरेतलं. फादर अँथनी डिमेलो यांनी १९७२ साली पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली साधना इन्स्टिट्यूटही याच मुळांतून वाढली.

१५२१ साली स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला आणि तो लोयोलाच्या घरी कित्येक महिने अंथरुणाला खिळला. वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा, एवढंच होतं. मन कधी दरबारातल्या पराक्रमांची स्वप्नं रंगवायचं, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्हींत आनंदच व्हायचा. फरक पडायचा तो नंतर. पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडायचं, दुसरी ओसरली तरी प्रसन्नता टिकून राहायची. हा फरक त्याला दिसला, कारण त्यानंतरची रिकामी वेळ भरून काढायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. पुढे १५२२-२३ मध्ये मान्रेसा इथे राहून त्याने केलेल्या नोंदींतून ‘स्पिरिच्युअल एक्सरसायझेस’ हे साधनेचं पुस्तक आकाराला आलं आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली.

रिट्रीटमधल्या मौनाचं कामही तेच आहे. एखादी आठवण, एखादं वचन, एखादी इच्छा मनात येऊन गेली की मागे काय उरतं, हे कळायला थोडी मोकळी जागा लागते. घरी ती जागा लगेच भरते. फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, कुणी हाक मारतं. पुढचे सगळे नियम या एका कारणासाठी आहेत. कारण ध्यानात असलं की नियम जाचत नाहीत.

कोणती रिट्रीट, किती दिवसांची

रिट्रीट या नावाखाली बरंच काही चालतं. कल्याणचा ताबोर आश्रम किंवा केरळमधलं मुरिंगूरचं डिव्हाइन रिट्रीट सेंटर इथे प्रवचनं, गाणी आणि सामुदायिक स्तुती-आराधना यांवर भर असतो. तिथून अनेकांना बळ मिळतं, पण ती मौन रिट्रीट नव्हे. उपवासकाळात पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, संध्याकाळी होणारी प्रवचनमालाही वेगळी. मौन रिट्रीटमध्येही दोन तऱ्हा आहेत. एकीत फादर किंवा सिस्टर दिवसातून दोन-तीनदा सगळ्यांना मिळून मुद्दे देतात आणि उरलेला वेळ मौन. दुसरीत प्रवचन जवळजवळ नसतंच. मार्गदर्शक रोज एकदा प्रत्येकाला एकेकट्याला भेटतो, ऐकतो आणि पुढच्या दिवसासाठी बायबलमधले उतारे देतो. निवड करता येत असेल तर नवख्याने दुसरी घ्यावी. लोकांना वाटतं की ती जुन्याजाणत्यांसाठी आहे. खरं तर उलट आहे, कारण पहिल्यांदा मौनात गेलेल्या माणसालाच कुणीतरी रोज विचारणारं जास्त लागतं.

इग्नेशियसच्या पुस्तकातली संपूर्ण साधना चार टप्प्यांची असून तिला साधारण ३० दिवस लागतात. पहिल्याच खेपेला ती घेऊ नये, आणि जाणता मार्गदर्शक देणारही नाही. ८ दिवसांची रिट्रीट बहुतेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी दरवर्षी करतात. नवख्यासाठी योग्य माप ३ दिवसांचं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशीही रिट्रीट असते, पण तिची अडचण अशी की मन जेमतेम रविवारी सकाळी थाऱ्यावर येतं आणि दुपारी बॅग भरायची वेळ होते. सोमवारची सुट्टी जोडता आली तर जोडा.

घर सोडणं शक्यच नसेल, लहान मूल किंवा अंथरुणावरचं माणूस असेल, तर त्याचीही सोय इग्नेशियसने करून ठेवली आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या १९व्या सूचनेप्रमाणे रोज सुमारे दीड तास काढून, घरी राहून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली हीच साधना कित्येक महिन्यांत पुरी करता येते.

इगतपुरीला विपश्यनेचे १० दिवस केलेल्यांना मौनाची शिस्त नवी नसते, आणि त्याचा इथे उपयोगच होतो. फरक दिशेचा आहे. तिथे लक्ष श्वासावर आणि शरीरातल्या संवेदनांवर असतं. इथे माणसांशी बोलणं थांबवायचं ते देवाशी बोलायला सवड मिळावी म्हणून. मित्र मित्राशी बोलतो तसं ख्रिस्ताशी बोला, असं इग्नेशियस स्पष्ट सांगतो.

नाव नोंदवताना काय विचारायचं

खोली एकट्याची की वाटून? जेवणही मौनात का? मार्गदर्शक कोणत्या भाषेत भेटेल? चॅपेल रात्री उघडं असतं का? फोन जमा करून घेतात का? ख्रिस्ती नसलेल्यांना प्रवेश आहे का, हेही तुम्हाला लागू असेल तर आधीच विचारा. खर्चाचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, आणि परवडत नसेल तर तसं सांगायला संकोचू नका.

भाषेचा प्रश्न आवर्जून विचारा. शहरातल्या रिट्रीट हाउसचं बरंचसं कामकाज इंग्रजीत चालतं. इंग्रजी समजतं म्हणून माणूस हो म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा खरं काही सांगायचं असतं, तेव्हा शब्द सापडत नाहीत. मराठी किंवा कोकणी जाणणारा मार्गदर्शक मिळेल का, ते विचारून घ्या. मार्गदर्शक कोणीही असो, प्रार्थना मात्र आपल्या घरच्या बोलीत करायची. वसईच्या सामवेदी घरातल्या माणसाला पाठ प्रार्थना प्रमाण मराठीत येतात, पण गाऱ्हाणं मनात कादोडीतच, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीतच, उमटतं. ते कादोडीतच मांडा.

आणखी एक गोष्ट फोनवरच सांगायची. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, नैराश्य किंवा इतर मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, कधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले असतील, तर ते मार्गदर्शकाला आधी कळलं पाहिजे. मौनात दुःख मोठं होऊन समोर येतं. काहींना तेव्हा ते पेलतं, काहींनी थोडं थांबलेलं बरं, आणि हे ठरवताना डॉक्टरांचंही मत घ्यावं. चालू गोळ्या रिट्रीटसाठी बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर उपवासही नको.

निघण्यापूर्वी

मौनाची अर्धी तयारी घरी होते. वीजबिल, हप्ता, मुलाच्या शाळेचा फॉर्म अशी अर्धवट कामं मागे ठेवलीत तर ती पहिल्याच ध्यानाला येऊन बसतात. निघण्याच्या आधीच्या दोन दिवसांत ती उरकून टाका. जी उरकणार नाहीत ती कागदावर लिहून घरच्या एका माणसाच्या हाती द्या. त्याच माणसाला रिट्रीट हाउसच्या ऑफिसचा नंबर द्या आणि ठरवा की अगदी तातडीचं असेल तरच त्या नंबरवर फोन करायचा. ‘मी रोज रात्री एक मिनिट फोन करीन’ असं आश्वासन देऊ नका. त्या एका मिनिटाची वाट पाहण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

पिशवीत छापील बायबल हवं. मोबाइलमधल्या बायबलवर भागवू म्हणणाऱ्याचा फोन दिवसभर हातातच राहतो. त्याच कारणासाठी गजराचं साधं घड्याळ आणि मनगटी घड्याळ घ्या. शंभर पानी वही, पेन, रबरी तळव्याच्या न वाजणाऱ्या चपला, एक शाल, टॉर्च, पाण्याची बाटली, नेहमीची औषधं पुरवून पुरतील एवढी. आध्यात्मिक पुस्तकांचा गठ्ठा घरीच ठेवा. दुसऱ्याचे विचार वाचत बसणं हा मौनातून पळण्याचा सगळ्यांत सभ्य मार्ग आहे. मनाला तृप्ती पुष्कळ जाणून मिळत नाही, तर आतून अनुभवून, चाखून मिळते, असं इग्नेशियसने दुसऱ्याच सूचनेत लिहिलं आहे.

नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी एकत्र जाणार असाल तर खोल्या वेगळ्या मागा आणि जेवणाच्या टेबलावरही एकमेकांसमोर बसू नका. ओळखीचं माणूस समोर असलं की भुवई उडवली तरी संवाद होतो.

पहिली संध्याकाळ

चार-पाच वाजेपर्यंत पोहोचा. खोली, न्हाणीघर, चॅपेल, चहाची जागा, बागेतले बाक हे सगळं उजेडात पाहून घ्या, म्हणजे नंतर कुणाला विचारावं लागत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत सहसा बोलायची मुभा असते. जेवणानंतर सूचना होतात, रात्रीची प्रार्थना होते आणि मौन सुरू होतं. फोन बंद करून ऑफिसात द्यायचा तो त्याआधी. जमा करणं सक्तीचं नसलं तरी स्वतःहून द्या. सायलेंटवर ठेवून कपाटात टाकलेला फोन रात्री साडेदहाला कपाटातून बाहेर येतोच.

पहिल्या रात्री एकच काम, झोपणं. शहरातून आलेला माणूस थकलेला असतो आणि ते त्याला माहीत नसतं. नीट आठ तास झोपा. अर्ध्या रात्रीची आराधना, पहाटे चारला उठणं असले बेत पहिल्या दिवशी नकोत. शीण निघाला नाही तर पुढच्या प्रत्येक ध्यानात डुलक्या येतात, आणि माणूस त्याला श्रद्धेचा कमीपणा समजून खंतावतो.

मौन कशाकशाचं

तोंडाचं मौन सगळ्यांत सोपं, पहिल्या जेवणातच जमून जातं. डोळ्यांचं कठीण. समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसायची, मान डोलवायची आपल्याला सवय असते. इथे नजर खाली ठेवून शेजारून निघून जाणं हा उद्धटपणा नसून दुसऱ्याला दिलेली मोकळीक आहे. समोरचा रडून आला असेल, तर त्याला तोंडावर हसू आणायचा त्रास आपण वाचवतो. नोटीस बोर्ड, जुनी वर्तमानपत्रं, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, काहीही दिसलं की वाचायची लागलेली सवयही यातच मोडते.

हातापायांचंही मौन असतं. दार कडी धरून हळू लावायचं. बादली फरशीवरून ओढायची नाही. नळाखाली ती अर्धी भरेपर्यंत धार बारीक ठेवायची. पहाटे पाचला एकाने आदळलेलं दार दहा जणांचं ध्यान मोडतं.

जेवणाच्या टेबलावर आपल्याला मीठ हवं हे न सांगता दुसऱ्याला कसं कळावं? सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत याचं उत्तर आहे. मठवासीयांनी एकमेकांना काय हवं ते आपणहून पुढे करावं, म्हणजे कुणाला मागावं लागणार नाही, आणि तरीही लागलंच तर खुणेने मागावं. तुमच्या पुढ्यातला वरणाचा डोंगा शेजाऱ्याचं ताट रिकामं दिसताच त्याच्याकडे सरकवा. मौनातलं जेवण यामुळे रुक्ष होत नाही, उलट माणसं एकमेकांकडे अधिक लक्ष देऊन जेवतात. सावकाश चावून जेवा. घास संपायच्या आत पुढचा घास उचलायची घाई बोलताना लक्षात येत नाही, इथे येते.

पेनचं मौन बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वही आणा, पण पानंच्या पानं भरू नका. दिवसभर लिहीत राहणारा माणूस स्वतःशी बडबडतच असतो. प्रत्येक प्रार्थनेनंतर सात-आठ ओळी पुरेत.

स्वयंपाकघरातल्या मावशी, माळी, रखवालदार यांना तुमचं मौन लागू नाही. त्यांनी काही विचारलं तर नीट उत्तर द्या. कुणी घसरून पडलं, कुणाला चक्कर आली, तर ओरडून माणसं गोळा करा.

प्रार्थनेचा एक तास, जवळून

वैयक्तिक मार्गदर्शनाच्या रिट्रीटमध्ये दिवसाला चार-पाच प्रार्थना असतात, प्रत्येकी एक तासाच्या. नवख्याने तीन किंवा चार धराव्या आणि ४० मिनिटांपासून सुरुवात करावी. साधारण वेळा अशा: सकाळी ७, १०, दुपारी ४ आणि रात्री जेवणाआधी. दुपारी जेवून लगेच ध्यानाला बसू नये. संध्याकाळी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), आणि मधल्या वेळात चालणं, विश्रांती, मार्गदर्शकाची भेट.

उदाहरणादाखल मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, ४६ ते ५२ या ओव्या घेऊ: यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय.

आदल्या रात्री झोपताना उतारा एकदा वाचा आणि उद्या कशासाठी उठायचं आहे ते मनात आणा. सकाळी बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभे राहा. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ नुसतं उभं राहायचं आणि देव आपल्याकडे पाहतो आहे याची जाणीव ठेवायची. ही सूचना इग्नेशियसची, आणि किरकोळ दिसली तरी हिच्यावर सगळ्या तासाची घडी बसते. धावतपळत येऊन बसलं की पहिली दहा मिनिटं धावण्यातच जातात.

मग बसा, गुडघे टेका, उभे राहा, उताणे पडा, जे साधेल ते. एका आसनात मन लागलं तर दुसरं शोधू नका. आज काय हवं ते एका वाक्यात मागा: ‘प्रभू, मला काय हवंय ते मला दिसू दे.’ उतारा सावकाश दोनदा वाचून बायबल मिटा. आता दृश्य उभं करा. धुळीचा रस्ता, गर्दीचा आवाज, अंगाखालचं खडबडीत घोंगडं, भीक मागणाऱ्याच्या पुढे केलेल्या हाताची उंची. तुम्ही कुठे आहात? गर्दीत, शिष्यांमध्ये, की त्याच्याच जागी? ठरवून जागा घेऊ नका, मन जिथे जाईल तिथे जाऊ द्या.

येशू थांबतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. इथे थांबा. हा प्रश्न तुमच्यासाठी आहे असं समजून त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करा. पहिलं उत्तर बहुधा तयार असतं, नोकरी, मुलीचं लग्न, आजारपण. तेही सांगा. मग गप्प राहा आणि त्याच्या खाली दुसरं काही आहे का ते पाहा. एखाद्या ओवीवर मन रमलं तर पुढे जायची घाई नको. उतारा पुरा करायचा नसतो.

शेवटची पाच मिनिटं येशूशी सरळ बोला आणि पाठ असलेल्या एखाद्या प्रार्थनेने उठा. वेळ ठरवली तेवढी पूर्ण करा. कंटाळा आला म्हणून दहा मिनिटं आधी उठावंसं वाटलं, तर पाच मिनिटं जास्त बसा. हेही इग्नेशियसचंच सांगणं आहे, आणि याचा गुण येतो. एकदा कंटाळ्यापुढे उठलं की पुढच्या तासाला तो लवकर येतो.

यानंतर जागा बदला. व्हरांड्यात किंवा बागेत पाव तास हिंडा आणि झालेला तास आठवा. कुठे मन ओढलं गेलं, कुठे अडखळलं, कुठे कोरडं झालं, उठताना मागे काय उरलं, तेवढंच वहीत लिहा. हा पाव तास नवखी माणसं टाळतात, आणि मौनाचं फळ नेमकं इथे हाती लागतं. पुढच्या प्रार्थनेला नवा उतारा घेण्याची गरज नाही. जिथे काही हललं होतं त्याच जागी परत जायचं. पुनरावृत्ती हा या पद्धतीचा कणा आहे.

याच गोष्टीत आणखी एक बाब आहे. गर्दी बार्तीमयला गप्प राहायला सांगते आणि तो आणखीच मोठ्याने ओरडतो, आणि येशू थांबतो ते त्या ओरडण्यापाशी. घरात, कामावर, समाजात ज्यांना गप्प बसवलं गेलं आहे, त्यांना रिट्रीटचं मौन सुरुवातीला तसंच वाटू शकतं. ते तसं नाही. इथे तुमचा आवाज कुणी दाबत नाही. देवापुढे रागावणं, तक्रार करणं, ‘तू कुठे होतास’ विचारणं याला पूर्ण मुभा आहे, आणि स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तेच करतात.

मार्गदर्शकाशी भेट

रोज अर्धा-पाऊण तास. वही घेऊन जा आणि प्रार्थनेत काय घडलं ते सांगा. आयुष्याची सगळी कहाणी सांगायची ही जागा नाही. मार्गदर्शकाने तुमची पापं किंवा खाजगी विचार खोदून काढायचे नसतात. पापनिवेदन करायचं असेल तर ते वेगळं, फादरांना वेळ मागून. मार्गदर्शकाने तुम्हाला एखाद्या निर्णयाकडे ढकलायचंही नसतं. त्याने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, अशी इग्नेशियसची अपेक्षा आहे. कुणी ‘तू सिस्टरच हो’ किंवा ‘हे स्थळ सोड’ असं ठासून सांगू लागलं, तर शांतपणे दुसरा मार्गदर्शक मागा.

काय सांगावं हे कळत नसेल तर एक खूण आहे. जी गोष्ट मार्गदर्शकाला कळू नये असं फार वाटतं, बहुधा तीच सांगायची असते. वाईट प्रवृत्ती चोरट्या प्रियकरासारखी वागते, तिला गुपित उघड झालेलं चालत नाही, असं साधनेच्या पुस्तकातल्या विवेकाच्या, म्हणजे मनात उठणाऱ्या प्रेरणा पारखण्याच्या, नियमांत म्हटलं आहे. मौनाला हे एक दार उघडं असलंच पाहिजे. सगळीच दारं लावून घेतली तर माणूस त्याच त्या विचारांत गरगरत राहतो.

बिघडतं कुठे

पहिल्या दिवशी डोक्यात सिनेमाची गाणी, जाहिराती, जुनी भांडणं यांचा गोंगाट होतो. मौनामुळे तो निर्माण झालेला नसतो, आधीपासून होता आणि आता ऐकू येतो आहे. त्याच्याशी झुंजू नका. दर वेळी उताऱ्यातल्या एका शब्दाकडे परत या, दिवसातून शंभर वेळा यावं लागलं तरी. अगदीच जमेना तर पाठ प्रार्थनेचा एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर म्हणा. हीही साधनेतलीच पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी, बहुतेक दुपारी, निघून जावंसं वाटतं. कारणंही चांगली सुचतात: आईला बरं नव्हतं, ऑफिसात अडलं असेल, हे आपल्याला जमण्यातलं नाही. इथे एक नियम पक्का धरा. मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. तीन दिवस राहायचं असं स्वस्थ मनाने ठरवलं होतं, तर ते अस्वस्थ मनाने मोडायचं नाही. मार्गदर्शकाला सांगा, तासभर चाला, लवकर झोपा. सकाळी पुन्हा पाहा. पण छातीत धडधड थांबत नसेल, रात्रभर झोप लागत नसेल, भास होत असतील, तर तो कोरडेपणा नव्हे. तेव्हा मध्यरात्रीसुद्धा मार्गदर्शकाला उठवायचं आणि साधना थांबवायची.

उलटंही घडतं. एखाद्या तासात मन भरून येतं आणि लगेच मोठमोठे संकल्प सुटतात: नोकरी सोडीन, रोज दोन तास प्रार्थना करीन, अमुकाला सगळं देऊन टाकीन. भरलेल्या मनाने नवस-शपथा घाईने करू नयेत, हेही सुरुवातीच्या सूचनांतच आहे. वहीत लिहा, तारीख घाला, बाजूला ठेवा.

कुणाला रडू येतं, कारण न सापडता. येऊ द्या. कुणाला तीन दिवस काहीच जाणवत नाही. अशा वेळी प्रार्थनेची वेळ आळसाने कमी केली होती का, ते आधी प्रामाणिकपणे पाहावं. तसं नसेल तर कोरडेपणा हा दोष नाही. सांत्वन ही देवाची देणगी आहे, आपल्या मेहनतीची मजुरी नव्हे, हे कळण्यासाठीही तो येतो, असं इग्नेशियस म्हणतो.

मौन मोडलं, कुणाशी पाच मिनिटं गप्पा झाल्या, तर? त्या विषयावर अपराधीपणाचा आणखी एक तास घालवू नका. पुढच्या मिनिटापासून पुन्हा सुरू.

मौन सुटताना

शेवटच्या जेवणाला बोलायची परवानगी मिळते आणि हॉलमध्ये एकदम कल्ला होतो. त्यात लगेच उडी न मारलेली बरी. त्याआधी अर्धा तास काढून वही पहिल्या पानापासून वाचा. ज्या दोन-तीन जागी मन परत परत गेलं त्यांखाली रेघ मारा. आलेल्या संकल्पांतला एकच निवडा आणि तो मोजता येईल असा करा. ‘जास्त प्रार्थना करीन’ हे टिकत नाही. ‘सकाळी चहाआधी पाव तास, फोन दुसऱ्या खोलीत’ हे टिकतं. रात्री झोपताना दिवसाचा आढावा घ्यायची दहा मिनिटांची सवय त्याला जोडता आली तर उत्तमच.

फोन चालू कराल तो घरी पोहोचल्यावर, गाडीत नव्हे. आधी घरच्यांना भेटा. घर तीन दिवस तुमच्याशिवाय चाललं आहे, तेव्हा पहिलं काम त्यांचं ऐकून घ्यायचं. ‘काय मिळालं तिथे?’ असं कुणी विचारलं तर एक-दोन वाक्यांत सांगा, सगळं उलगडू नका. नव्याने रुजू लागलेलं काही असेल तर ते लगेच उपटून दाखवायचं नसतं. घरातल्यांनी आपल्यासारखं शांत राहावं अशी अपेक्षा तर मुळीच धरू नका. टीव्ही चालू असेल, तर असू दे.

दुसऱ्या दिवशी रजा नसली तरी चालेल, पण संध्याकाळ मोकळी ठेवा. बाजूला ठेवलेले मोठे संकल्प महिनाभराने, साध्या कामाच्या दिवशी, पुन्हा वाचा. तेव्हाही ते वाचून मन शांत राहत असेल तर आपल्या पॅरिशच्या फादरांशी किंवा त्याच मार्गदर्शकाशी बोला. त्यासाठी रिट्रीट हाउस सोडण्याआधीच भेटीची तारीख ठरवून घ्या आणि वही त्या दिवशी बरोबर न्या.